चौथ्या रविवारचं पेट्रोल

"पेट्रोल कुठल्याही पंपावर भरा, गाडीला काय कळतंय? सगळं सारखंच," असं प्रोफेसर म्हणाले आणि कंपाउंडरने हातातला पेपर खाली ठेवला. त्याने पेपर खाली ठेवला की वाद तासाभराच्या आत संपत नसे.

प्रोफेसर हे खरे प्रोफेसर नव्हते. कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत त्यांनी चौतीस वर्षं सहायक म्हणून काढली होती. निवृत्त झाल्यावर शेजाऱ्यांनीच त्यांना बढती देऊन टाकली. कंपाउंडर मात्र अस्सल कंपाउंडर होता. दवाखान्यात बाटल्यांमध्ये औषध मापून ओतता ओतता त्याचे केस पांढरे झाले होते. दोघांची दारं समोरासमोर, दोघांच्या बायका देवाघरी, आणि दोघांना एकमेकांशिवाय भांडायला कोणी नाही.

"सारखं कसं असेल?" कंपाउंडर म्हणाला. "एका कंपनीचं निळ्या पाटीचं, एकाचं लाल पाटीचं, एकाचं मिसळलेलं. त्यात दारूचा अंश असतो म्हणे. गाडी झिंगली तर ॲव्हरेज पडणारच की."

"मग प्रयोग करू. दर रविवारी एक पेट्रोल. टाकी पूर्ण कोरडी करायची, पाच लिटर मापून ओतायचं आणि गाडी बंद पडेपर्यंत चालवायची. परत येण्यापुरतं पेट्रोल डिकीतल्या कॅनमध्ये."

"आणि रस्ता कुठला?"

प्रोफेसरांनी चष्मा पुसायला काढला. "मोठा हायवे. अठ्ठेचाळीस किलोमीटरवर ते गाव लागतं ना, तिथल्या पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत फिरायचं. रस्ता सपाट आहे."

रस्ता सपाट नव्हता. त्यात दोन चांगले दम काढणारे चढ होते. पण त्या पाण्याच्या टाकीसमोर एक पिवळी इमारत होती आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर प्रोफेसरांची एकुलती एक मुलगी राहत होती. रस्ता निवडण्याचं हे कारण त्यांनी प्रयोगवहीत लिहिलं नाही.

सव्वा वर्षापूर्वी मुलीने लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका मुलाशी लग्न ठरवल्याचं सांगितलं, तेव्हा प्रोफेसर म्हणाले होते, "ज्याचा जन्म वर-खाली करण्यात जाणार, तो पुढे कधी जाणार?" हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं, की दोन दिवस ते खुशीत होते. तिसऱ्या दिवशी मुलगी बॅग भरून निघून गेली. त्यानंतर ना तिचा फोन, ना यांचा. ते वाक्य मात्र रोज सकाळी दात घासताना त्यांना आठवायचं, आणि आरशातल्या माणसाकडे बघवायचं नाही.

पहिल्या रविवारी गाडी एक्क्याऐंशी किलोमीटर चालली. टाकीशी पोचल्यावर साठचा वेग एकदम पंधरावर आला.

"हळू का केलीस?" कंपाउंडरने विचारलं.

"वळण आहे."

"वळण कधीच संपलं."

दुसऱ्या रविवारी दुसऱ्या कंपनीचं पेट्रोल, ऐंशी किलोमीटर. त्या दिवशी तिसऱ्या मजल्याच्या दोरीवर तिचा हिरवा कुर्ता वाळत होता. तेवढंच दिसलं. त्या तेवढ्यावर प्रोफेसरांनी आठवडा काढला. तिसऱ्या रविवारी मिसळलेलं पेट्रोल, अठ्ठ्याहत्तर. त्या दिवशी त्यांनी टाकीला दोन वळसे घातले, का तर म्हणे अचूकता वाढते. गॅलरीचं दार उघडं होतं. आत कोणीतरी हसलं. तीच असावी, कदाचित रेडिओही असेल.

"दोन-तीन किलोमीटरचा फरक म्हणजे वाऱ्याचा," परतताना प्रोफेसर म्हणाले. "प्रयोग संपला. मी जिंकलो." पण आवाज हरल्यासारखा होता.

कंपाउंडरने त्यांच्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं. "एवढ्यात कसा संपला? ते महागातलं, जादा ताकदीचं राहिलंय. ते घातलं की तुझी गाडी शंभर चालेल. लावतोस पैज?"

प्रोफेसरांचा चेहरा असा उजळला, की पैज हरण्याची एवढी हौस कंपाउंडरने जन्मात पाहिली नव्हती.

चौथ्या रविवारी, सकाळी नऊ वाजता, नेहमीप्रमाणे कंपाउंडरने माप ओतलं आणि प्रोफेसरांनी वहीत किलोमीटरचा आकडा टिपला. गाडीतला पेट्रोलचा काटा गेली अकरा वर्षं अर्ध्यावरच मेलेला होता, त्यामुळे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता.

गाडी मस्त चालली. गाव आलं. टाकी दिसू लागली. प्रोफेसरांनी वेग कमी केला, मान उजवीकडे वळवली, आणि तेवढ्यात इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि प्राण सोडला. पिवळ्या इमारतीपासून दोनशे पावलांवर, अरुंद गल्लीच्या बरोबर तोंडाशी.

"अजून बत्तीस किलोमीटर चालायला हवी होती!" प्रोफेसर ओरडले. "कॅन काढ, लवकर!"

कंपाउंडरने डिकी उघडली, आत बघितलं आणि शांतपणे बंद केली. "कॅन घरी राहिला वाटतं."

मागून दुधाची व्हॅन आली. तिच्यामागे एक टेम्पो, त्याच्यामागे दोन स्कूटर. हॉर्नचा एकच कल्लोळ उडाला. गॅलऱ्यांमधून माणसं वाकून बघू लागली. तिसऱ्या मजल्याचं दार हललंसं वाटलं, तसं प्रोफेसरांनी बॉनेट उघडून त्यात खांद्यापर्यंत डोकं घातलं.

"काय झालं आजोबा?" दूधवाला उतरला.

"पेट्रोल संपलं," कंपाउंडर म्हणाला.

"मग बॉनेटमध्ये काय शोधतायत?"

"ते प्रोफेसर आहेत."

हे उत्तर सगळ्यांना पटलं. तेवढ्यात तळमजल्यावरचे एक टक्कलवाले गृहस्थ बनियनवरच बाहेर आले. "कुठल्या पंपावर भरलं होतं?" कंपाउंडरने नाव सांगताच ते म्हणाले, "तरीच! तिथलं पाण्यासारखं उडतं." टेम्पोवाला भडकला. त्याच्या मते तिथलंच सगळ्यात चांगलं. स्कूटरवाल्या बाई म्हणाल्या, पेट्रोल पहाटे थंड असताना भरलं तर जास्त पुरतं. दूधवाला म्हणाला, सगळं ड्रायव्हरच्या पायावर असतं. पाच मिनिटांत गल्लीत चार पक्ष पडले. मधे अडकलेली गाडी कोणालाच आठवेना, आणि बॉनेटमधला माणूस तर मुळीच नाही.

"वाद नंतर घाला, आधी ढकला," मागून एक दणकट आवाज आला. "आमच्या गेटात जागा आहे, तिथे लावू." हत्यारांची पिशवी खांद्याला लावलेला एक तरुण बाह्या सरसावत पुढे आला. "काका, तुम्ही बाजूला व्हा."

काका बाजूला झाले नाहीत. हा आवाज त्यांनी एकदाच, स्वतःच्या बैठकीत ऐकला होता, आणि त्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. कंपाउंडर स्टिअरिंगवर बसला, सहा जणांनी जोर लावला, गाडी सरकली, आणि प्रोफेसर बॉनेटमध्ये डोकं ठेवूनच उलट्या पावलांनी चालू लागले. अशी वरात थेट पिवळ्या इमारतीच्या गेटात शिरली.

गाडी थांबली. मागे चपलांचा आवाज झाला.

"बाबा, डोकं बाहेर काढा. भाजेल."

प्रोफेसरांनी डोकं काढलं. कपाळावर ग्रीसचा पट्टा होता. मुलगी थोडी बारीक झाली होती, की त्यांनाच तसं वाटलं? बोलायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि निघालं ते एवढंच : "प्रयोग चालू होता."

"माहीत आहे. तीन रविवार बघतेय. गाडी टाकीला वळसा घालते आणि जाते. मागच्या वेळी दोन घातले, तेव्हा वाटलं, आता थांबेल."

"मग हाक का नाही मारलीस?"

"तुम्ही हॉर्न का नाही वाजवलात?"

जावयाने खिशातला रुमाल काढून सासऱ्यांपुढे धरला. "चला वर. लिफ्ट चालू आहे," तो म्हणाला आणि जरासा हसला. "मीच दुरुस्त केलीय."

प्रोफेसरांनी रुमाल घेतला. "माझं ते वाक्य…" त्यांनी सुरुवात केली. "ते चुकीचं होतं. वर नेणारा माणूसही लागतो."

वर चहा झाला. मुलगी आणि जावई स्वयंपाकघरात गेल्यावर प्रोफेसर कंपाउंडरकडे वळले. "किती ओतलं होतंस?"

"तीन लिटर."

प्रोफेसरांनी मनातल्या मनात भागाकार केला. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. त्यांचे डोळे विस्फारले. "म्हणजे हे पेट्रोलही सोळाच देणार, हे तुला आधीच माहीत होतं! सगळं सारखंच असतं, हे तुला पटलं होतं!"

"दुसऱ्या रविवारीच. तरी दोनशे पावलं चुकलो. चढ धरले नव्हते."

"मग इतके दिवस भांडत का होतास?"

"मी हरलो असतो तर प्रयोग संपला असता," कंपाउंडर कप खाली ठेवत म्हणाला. "मग रविवारी तू कुठे गेला असतास?"

प्रोफेसरांनी बाहेर पाहिलं. गॅलरीतून पाण्याची टाकी दिसत होती. इथून ती बरीच लहान वाटत होती.

जावई घरातला एक रिकामा कॅन घेऊन दारात आला. "मी पेट्रोल घेऊन येतो, बाबा. कुठल्या पंपावरचं आणू?"

"कुठलंही आण," प्रोफेसर म्हणाले आणि खुर्चीत नीट मागे टेकून बसले. "आणि संध्याकाळपर्यंत आणलंस तरी चालेल."