दोरीमार्गास पडलेल्या एका वळणाची हकीकत

श्रीमार्गदेवता प्रसन्न. जी दोन गावांच्या मधे निजते आणि कोणाच्याच अंगणात उठत नाही, त्या वाटेस आधी नमन करोन, आणि वाटेच्या कडेस उभे राहोन जे दोहींकडे पाहतात त्यांस मग नमन करोन, लिहिणाऱ्याने लिहिले ऐसे जे: शके १९४७, विश्वावसूनाम संवत्सरे, चैत्र वद्य पंचमीचे दिवशी, राज्यमार्ग सरळ करावा ऐसा हुकूम घेऊन बांधकाम दरबाराचे शाखा अभियंते निरगुडे साहेब यांची स्वारी, एक जीप, रेघ आखावयाच्या फक्कीचे पोते, टेप आणि काळी छत्री ऐशा सरंजामासह पवनमाळावर दाखल जाहली. त्या दिवशी काय घडले ते पुसाल, तर आधी मार्ग कैसा तो पुसावा.

मार्गाचे नाव दफ्तरी काही असो, लोक त्यास दोरी म्हणतात. थोरल्या नाक्यापासोन निघतो, पेठ डावीकडे टाकतो, मग निंबाची दोन झाडे, मग पंक्चरवाल्याचे टायर टांगलेले खोपट, आणि तेथोन पुढे माळ लागतो. माळ म्हणजे गवत आणि वारा. पावसाळ्यात पोटरीस लागेल इतुके गवत, उन्हाळ्यात तेच कुसळ होऊन मोज्यांत शिरते, आणि क्षितिजावर पवनचक्क्या सावकाश हात फिरवीत उभ्या असतात. या माळावर दोरी अकरा कोस सरळ जाते. इतुकी सरळ की ट्रकवाले सुकाणू सोडोन तंबाखू मळतात. आणि आठव्या कोसावर, जेथे डोंगर नाही, ओढा नाही, देऊळ नाही, कोणाचे शेतही नाही, तेथे ही दोरी एकाएकी उत्तरेकडे पोट काढते, तीन-चारशे पावले वळसा घेते, आणि पुन्हा जागेवर येऊन काही जाहलेच नाही ऐशी सरळ चालू लागते. का? हे बावन्न वर्षे कोणास ठाऊक नव्हते. कोणी म्हणे खाली धन आहे, कोणी म्हणे आखणारा साहेब प्यालेला होता, आणि मास्तर मुलांस सांगत की पृथ्वी गोल असल्यामुळे ऐसे होते.

आता या वळणाच्या दक्षिणेस कुसळवाडी, घरे चाळीस, आणि उत्तरेस शाळा, खोल्या दोन. मधे दोरी. वाडीची बारा मुले रोज मार्ग ओलांडोन विद्येस जातात. त्यांत ईश्वरी नामे कन्या, वय वर्षे सहा, दप्तर पाठीपेक्षा मोठे, आणि तिच्या मातुश्री सौ. मेघनाबाई बिचुकले, बी.एस्सी. पर्यंत शिकलेल्या, दोन वेळा वळणावर जातीने उभ्या राहात. इतर आया म्हणत, "मेघना, अगं बाकीची पण जातात की पोरं, तू काय रोज पहारा देतेस?" मेघनाबाई हसोन म्हणत, "जाऊ दे ना, मला चालायला बरं वाटतं," आणि उभ्याच राहात. उभे राहोन राहोन त्यांस कळले की वाहन कोणतेही असो, वळणाच्या अलीकडे त्याचा आवाज घोगरा होतो, चालक गिअर पाडतो, आणि पोराने हात दाखविला तर थांबू शकतो. सरळ मार्गावर तेच वाहन वाऱ्यासारखे येते, आधी ठिपका, मग एकदम धाड. सबब मार्ग सरळ होणार हे कानी येताच त्यांनी तीन महिन्यांत चार अर्ज हुजूर रवाना केले, कोणत्या वेळी किती वाहने आणि कोणते कोठे मंदावले याचा तक्ता जोडला, आणि उत्तर एकाचेही न आले.

स्वारी आली तेव्हा सकाळची शाळा सुटावयास घटकाभर अवकाश होता. मेघनाबाई सामोऱ्या गेल्या आणि म्हणाल्या, "साहेब, माझा अर्ज वाचलात का?" साहेब छत्री उघडीत बोलिले, "कुठला? हां, तक्तेवाला. बाई, गाड्या हळू होतात हीच तर तक्रार आहे. रस्ता कशासाठी असतो?" "मग गतिरोधक द्या." "राज्यमार्गावर नियमात बसत नाही." "भुयारी वाट?" साहेबांनी माळाकडे आणि बारा मुलांच्या शाळेकडे पाहिले. मग स्वभावे ते वाईट नव्हते म्हणोन नमुन्याचा कागद पुढे करोन बोलिले, "हे बघा. वळण ठेवायचं तर कारण लागतं. डोंगर, ओढा, देवस्थान, कबर, खासगी मिळकत. यातलं काय आहे तुमच्याकडे? खाली 'इतर' आहे, पण ते कोणी भरत नाही."

ऐसे संभाषण चालले असता ठकूबाई कोळेकर, वय वर्षे बासष्ट, मेंढ्या सोडोन काठी टेकीत आल्या आणि साहेबांपासोन दहा पावलांवर थांबल्या. चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "साहेब, तुमी वळणाची चौकशी कराया आलाय ना? धरून न्यायाचं आसंल तर मला न्या. वळण म्या पाडलंय." साहेब म्हणाले, "आजी, पाच मीटर रुंद रस्ता तुम्ही वाकवला?" "तवा न्हान व्हते की." मग त्यांनी जी कैफियत दिली ती येणेप्रमाणे.

शके १८९४, परिधावीनाम संवत्सरे, दुष्काळाचे साल, फाल्गुन मास, सरकारने कामास हात लागावे म्हणोन माळावर मार्ग घातला. आखणी करणारे साहेब पन्नास पन्नास पावलांवर चुन्याने रंगविलेले पांढरे दगड मांडोन गेले, आणि हणमंत मुकादमास हुकूम केला की पांढऱ्या दगडांच्या अंगाने खडी टाकीत जावे, दगड कोणी ओलांडू नये, आणि आपण तालुक्यास गेले. त्या माळावर मेंढक्यांचा रिवाज ऐसा की टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, खड्यांत खड्यासारखी, दिसता दिसत नाहीत, म्हणोन ज्यास दिसली त्याने भोवती दगडांचे कडे मांडावे, आणि मागून येणाऱ्याने मेंढ्या कड्याबाहेरोन हाकाव्या. ठकूबाई तेव्हा दहा वर्षांच्या, त्यांस चार अंडी दिसली, आणि ओंजळी ओंजळी पांढऱ्या गारगोट्या आणोन त्यांनी थोरले कडे घातले. ते नेमके आखलेल्या रेघेवर. दोन दिवसांनी मुकादम खडी घेऊन तेथे पोचला आणि थबकला. एकेक दगड म्हणजे सरळ जा, आणि येथे तर दगडांचे रिंगणच! मग त्याने विचार केला की साहेबांची काही थोर मसलत असावी, आपण खडीवाले, आपण का पुसावे? आणि मार्ग एकदम मुरडला तर गाडी उलटेल म्हणोन दीडशे पावले आधीपासोन हळूहळू वळविला, आणि पलीकडे तसाच आणोन सोडला. साहेब परत आले, वळण पाहिले, मनात म्हणाले वरच्या साहेबांचा बेत असावा. वरचे साहेब आले, त्यांस वाटले नकाशातच असेल. आणि नकाशा काढणाऱ्याने मार्ग पाहोन नकाशा दुरुस्त केला. येणेप्रमाणे कोणीच कोणास न पुसता वळण कायम जाहले.

ठकूबाई म्हणाल्या, "बा म्हनला, बोलू नगस, सरकारी रस्ता वाकडा केलास, फौजदार यील. बावन वर्सं जीप दिसली की काळजात धस्स व्हतंय. पर आता पोरांचं ऐकलं आन् म्हनलं, जाऊंदे, सांगून टाकावं."

साहेब आधी हसले, मग ठकूबाई खरेच धरोन नेण्याची वाट पाहताहेत हे ध्यानी येऊन हसणे थांबविले आणि बोलिले, "आजी, तुम्हाला कोणी नेत नाही. पण त्या अंड्यांतली पिल्लं उडाली त्याला बावन्न वर्षं झाली. हे कारण मी कसं लिहू?" आणि स्वारीबरोबर आलेले फक्कीवाले सोपानराव, ज्यांच्या निवृत्तीस दोन साले उरली होती, त्यांस हुकूम केला की वळणाच्या पोटातले गवत कापीत सरळ रेघ टाका. सोपानराव पांढरी भुकटी सोडीत निघाले. ती तिकोनी जागा कोणी नांगरलेली नाही, कोणी चालत नाही. साहेब टेप गुंडाळीत होते, मान वर करोन पाहतात तो रेघ निम्म्यात जाऊन उजवीकडे फुगली आणि पुन्हा सरळ जाहली. "सोपानराव! डुलकी लागली का? सरळ टाका की!" सोपानराव तेथूनच ओरडले, "साहेब, अंडी हायती!" साहेब तरातरा गेले, तो टिटवी आभाळातोन कोसळली, छत्रीवर झडप घाली, किंचाळे, पुन्हा वर जाई, आणि साहेब छत्रीआडोन पाहतात तो चार अंडी, आणि सोपानरावांनी कोणी न सांगता भोवती चार दगडही मांडलेले. साहेब म्हणाले, "उचलून बाजूला ठेवली तर?" ठकूबाईंचे भय एव्हाना सरले होते. म्हणाल्या, "ठेवा की. मग तिला पत्ता बी तुमीच सांगा." साहेब म्हणाले, "बरं, महिन्यानं पिल्लं जातील. तेव्हा टाकू रेघ." मेघनाबाईंचा चेहरा पडला, कारण हे खरे होते.

इतक्यात शाळा सुटली. बारा मुले हात धरोन मार्गाशी आली, पुढे थोरली, मधे ईश्वरी. आणि पेठेकडोन सळयांनी भरलेला ट्रक येताना दिसला. मेघनाबाई साहेबांस सोडोन धावल्या आणि वळणावर हात वर करोन उभ्या राहिल्या. ट्रक वळणाशी आला, घोगरा जाहला, मंदावला, थांबला. चालकाने खिडकीतोन मान काढोन म्हटले, "चला रे लवकर, सैन्य!" आणि सैन्य ओलांडोन गेले. निरगुडे साहेब फक्कीच्या रेघेवर उभे होते. त्यांनी रेघेकडे पाहिले, ट्रककडे पाहिले, आणि हळू आवाजात पुसले, "सोपानराव, रस्ता आज या रेघेवर असता, तर हा ट्रक आत्ता कुठं असता?"

सोपानराव म्हणाले, "पोरांच्यात, साहेब."

टिटवी ओरडतच होती. मग साहेबांनी जीपमधोन मेघनाबाईंचा चौथा अर्ज काढला, जो सतरंजीखाली होता, त्याची घडी मोडली, तक्ता बोट लावोन वाचला, नमुन्यास जोडला, आणि जे घर कोणी भरीत नाही ते भरले: 'इतर. चार अंडी, बारा मुले. दोन्ही जागेवर जातीने मोजली. वळण आहे तसे ठेवावे.' आणि शिक्का मारला. वरच्या दरबारी काय चर्चा जाहली ते ठाऊक नाही. ज्येष्ठात हुकूम रद्द जाहल्याचा कागद आला, इतुके खरे.

येणेप्रमाणे दोरीमार्गाच्या वळणाची हकीकत समाप्त. हल्ली ठकूबाई जीप दिसली तर हात करितात. मुले बाराची तेरा जाहली. ईश्वरी म्हणते, "आई, वळण राहिलंय ना आता? मग तू घरी जा." मेघनाबाई म्हणतात, "हो, जाते की," आणि निंबाकडोन येणाऱ्या ठिपक्याचा आवाज घोगरा होईतो उभ्या राहतात. जैसे पाहिले तैसे लिहिले, अधिक उणे वाटेस माफ असावे.