यूसुफचं नाव कोण गाळतं?

"मी हमीद फणसोपकर. आखाताच्या अलीकडे आणि पलीकडे मिळून एकुलता एक मराठी गुप्तहेर. गुन्हेगार माझ्या बोलण्याला घाबरत नाही, माझ्या मौनाला घाबरतो. चपलेवरून मी माणसाचं गाव सांगतो, शिंकेवरून धंदा सांगतो, आणि तो गप्पच बसला तर त्यानं काय केलंय तेही सांगतो."

हे सगळं तो महबूबला सांगत होता. महबूब त्याला लहानपणापासून ओळखत होता आणि आत्ताचा चहाही महबूबचाच होता. दाराशी उभा असलेला यूसुफ जमिनीकडे बघत राहिला. यूसुफ हा हमीदचा मावसभाऊ आणि मदतनीस. ही नोकरी त्यानं मागितली नव्हती. त्याच्याकडे सायकल होती आणि हमीदकडे नव्हती, तेवढ्यावर त्याची नेमणूक झाली होती.

दिवसा हमीद शर्कच्या धक्क्यावर एका एजंटाकडे खोक्यांवर खडूनं खुणा करायचा. त्याचं ते प्रसिद्ध मौन मात्र अख्ख्या कुवेतमध्ये अजून कुणाच्या ऐकण्यात आलेलं नव्हतं.

प्रकरण असं होतं. साल बासष्ट. अबू हलीफाच्या मैदानावर दर शुक्रवारी तेलवाल्यांचा बेसबॉलचा संघ खेळायचा. संघाचं नाव ड्रिलर्स, कप्तान हॅरिसन म्हणून एक अमेरिकन, खेळाडू दुनियाभरचे, आणि त्यात आपले कोकणातले दोघे, अशरफ आणि यूसुफ. दगड मारून कैऱ्या पाडण्यात ज्यांचं बालपण गेलं त्यांना बेसबॉल शिकवावा लागत नाही. रत्नागिरी-कुलाब्याकडची मंडळी बायकापोरांसकट आधी ह्या दोघांसाठी मैदानावर आली आणि मग खेळालाच चिकटली. मंडळ झालं. मंडळ झालं की भांडणं व्हायला हवीत, ती झाली. मग भांडणं लिहून काढायला भित्तिपत्रक निघालं, ‘होमरन’.

शहरबानूखालाच्या नवऱ्याचा बकाला होता, म्हणजे किराणा दुकान. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर ‘होमरन’ दर आठवड्याला चिकटायचं. लिहिणारे सगळे हौशी, बिनपगारी आणि टोपणनावाचे. दाराशी दूध पावडरचा रिकामा डबा टांगलेला होता, ज्याला लिहायचं त्यानं लिहून त्यात टाकावं. संपादक महबूब ते सगळं आपल्या वळणदार अक्षरात उतरवून काढायचा आणि मूळ कागदांवर चहा उकळायचा.

लेखकांत ‘घार’ सगळ्यांची लाडकी. "कप्तान हॅरिसन बेसवर असा आडवा झाला की बाजारात माशांची पाटी उलटावी," असं घार लिहायची आणि भिंतीपुढे माणसं खो खो हसायची. अशरफ धावला की घार त्याचं नाव घेऊन धाववायची, पडला की नाव घेऊन पाडायची. यूसुफचं नाव मात्र तिनं कधी, चुकूनसुद्धा, लिहिलं नव्हतं. यूसुफनं कितीही अवघड झेल घेतला तरी वाक्य ठरलेलं: "उजव्या कोपऱ्यात जे उभे असतात त्यांनी झेल घेतला."

आधी यूसुफनं ते हसण्यावारी नेलं. पण ‘होमरन’ची एक प्रत मुंबईच्या बोटीनं गावी जायची आणि शाळेचे मास्तर ती ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचे. गेल्या खेपेला बोटीवरचा खलाशी इसाक, त्यांच्याच गावचा, निरोप घेऊन आला. "तुझी आई विचारते, तू खेळतोस का त्यांना पाणी देतोस?" सगळे हसले. यूसुफही हसला, आणि त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. खेळतो असं पत्रात कळवूनही आई आपल्याला खोटारडा समजते, हे त्याच्या मनाला फार लागलं. त्यानं ठरवून टाकलं. येत्या शुक्रवारी ह्या घारीला समोरासमोर विचारायचं. उत्तर मिळालं नाही तर हातमोजा कप्तानाला परत करायचा आणि खेळ बंद.

शुक्रवार ठरण्याचं कारण म्हणजे ‘होमरन’ला वर्ष होत होतं. मॅचनंतर दुकानामागच्या अंगणात बिर्याणी आणि सगळ्या लेखकांचा परिचय. एकेकानं उभं राहायचं, महबूबनं दोन शब्द बोलायचे, हॅरिसननं हात मिळवायचा. फक्त घार कोण हे संपादकालाच ठाऊक नव्हतं. म्हणून हमीद.

तपासाची पहिली बैठक यूसुफच्या घरी भरली, कारण यूसुफची बायको जमिला चहाबरोबर खायलाही द्यायची. हमीदनं जुना अंक उलगडला आणि वाचलं, "उजव्या कोपऱ्यातल्यांच्या सदऱ्याचं दुसरं बटण लोंबतंय. पुढच्या चेंडूबरोबर तेही जाईल."

"बटण!" हमीदनं बशी आपटली. "प्रेक्षक बसतात कुठे, यूसुफ असतो कुठे! एवढ्या लांबून बटण कसं दिसतं? दुर्बिणीतून. आणि दुर्बीण कुणाकडे असते? नाखव्याकडे. घार हा एखाद्या गलबताचा नाखवा आहे!"

"नाखव्याला बटणाशी काय करायचंय, हमीदभाय?" जमिलानं विचारलं.

"बाय, ही डोक्याची कामं आहेत. तू भजी आण."

जमिलानं भजी आणली. ती गालातल्या गालात हसत होती, पण दोघांचंही लक्ष भज्यांकडे होतं.

दुसऱ्या दिवशी यूसुफनं हमीदला सायकलवर मागे बसवून शर्क गाठलं. धक्क्याला लागलेल्या प्रत्येक गलबताच्या नाखव्याला हमीदनं बेसबॉलबद्दल खोदून खोदून विचारलं. एकानं तर हा माणूस उन्हानं भ्रमिष्ट झालाय असं समजून दयेपोटी त्याच्या हातात एक सुरमई ठेवली. तपासातून निघालं ते एवढंच. जमिलानं ती तळली.

मग संशय अशरफवर गेला. "यूसुफच्या हातून झेल सुटला की तू हसतोस," हमीद डोळे बारीक करून म्हणाला.

"माझ्या हातून सुटला की तो पण हसतो."

"म्हणजे वैर दोन्हीकडून आहे!"

"हमीदभाय, मी उर्दू शाळेत शिकलो. मराठी मना बोलता येते, वाचता येत नाय. भिंतीवरचं मी दुसऱ्याकडून वाचून घेतो, लिहू कुठून?"

हमीदनं त्याला मोठ्या मनानं निर्दोष सोडलं. त्यानंतर महबूबची पाळी आली. महबूबच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मना घारीसारखं लिहिता आलं असतं, तर अर्धा अंक खेळाच्या नियमांनी भरला असता काय रे?" ह्या युक्तिवादावर हमीदनं महबूबलाही सोडून दिलं. नियमांचं ते सदर त्यानंही कधी वाचलं नव्हतं.

शेवटचा उपाय म्हणजे डब्यावर पाळत. हमीदनं कुणाची तरी दिशदाशा, म्हणजे अरबांचा तो लांब पांढरा झगा, मागून आणली. ती त्याच्याहून हातभर लांब होती. डोक्याला रुमाल बांधून तो दुकानासमोर फळकुटावर बसला. वेष इतका बेमालूम होता की येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून विचारत होता, "काय हमीदभाय, तब्येत बरी हाय ना?"

संध्याकाळी यूसुफ कामावरून आला तेव्हा महबूब डबा उघडत होता. आत घारीचा ताजा मजकूर होता.

"कोण आलं होतं?" यूसुफनं विचारलं.

"कुणी नाही," हमीद ठामपणे म्हणाला. "माझी नजर एकदाही ढळली नाही. कुणीही आलं नाही. फक्त बायका."

शुक्रवार उजाडला. यूसुफ जिवावर उदार होऊन खेळला. शेवटी चेंडू उंच उडाला, पार समुद्राच्या बाजूला, आणि यूसुफनं मागे मागे धावत, पडत-झडत तो झेलला. ड्रिलर्स जिंकले. अंगणात बिर्याणीची दोन मोठी पातेली उतरली. मध्ये दोरीवर चादर टाकलेली, अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. महबूबनं एकेका लेखकाला उभं केलं. लेखक लाजत उभे राहिले, कप्तान हॅरिसननं हात मिळवले. शेवटी एक खुर्ची रिकामी राहिली आणि हमीद खाकरून उभा राहिला.

"बंधूंनो! घार सगळ्यांची नावं लिहिते. फक्त एकाचं लिहीत नाही. का? विचार करा. स्वतःचं कौतुक स्वतःच्या हातानं करताना कुणाला लाज वाटेल? ज्याचं नाव त्यालाच! घार म्हणजे दुसरं तिसरं कुणी नसून माझा मदतनीस, यूसुफ!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ह्यावर टाळ्या वाजवणं काही चूक नव्हतं, हमीदच्या आयुष्यात प्रथमच एक गोष्ट दुसरीला जुळत होती. हॅरिसननं यूसुफचा हात धरून गदागदा हलवला.

"मी नाही! अल्लाची शपथ, मी नाही!" यूसुफ ओरडला.

"गुन्हेगार असंच म्हणतो," हमीद प्रेमळपणे म्हणाला.

यूसुफला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता गावात जाणार काय, तर पाणी देणारा पोरगा लपून स्वतःबद्दल स्वतःच लिहितो. त्यानं काखेतला हातमोजा काढला आणि टेबलावर कप्तानासमोर ठेवायला गेला.

तेवढ्यात चादरीपलीकडून हसू फुटलं. शहरबानूखाला हसत होती, आणि ती हसायला लागली की आवरत नसे.

"काय रं मेल्यांनो, तुमी एवढे बापये जमलाव आणि एकाच्या पण डोस्क्यात उजेड नाय? माझ्या घोवाचं नाव तुमी कवा माझ्या तोंडून ऐकलाव काय?"

कुणी ऐकलं नव्हतं.

"दुकानाची पाटी वाचायची झाली तरी मी नाव सोडून वाचते. मंग जी सगळ्या जगाची नावं घेते आन् एकाचं घेत नाय, ती त्याची कोण लागते? आन् हमीद, लोंबतं बटण दुर्बिणीतून दिसतं काय रं? ज्या बाईला ते लावायचं असतं, तिला दिसतं!"

हळूहळू सगळ्यांच्या माना यूसुफकडे वळल्या आणि यूसुफची मान चादरीकडे. चादरीआड एक सावली पदर पुढे ओढून खाली बघत होती.

महबूबनं घसा साफ केला. परिचय तर करून द्यायला हवा, पण दुसऱ्याच्या बायकोचं नाव चारचौघांत कसं घ्यायचं? "आपली घार म्हणजे... यूसुफच्या... यूसुफच्या घरच्या..." तो अडखळला. हॅरिसनला एवढंच कळलं की लेखक सापडलाय. त्यानं यूसुफकडे बघून विचारलं, "नेम?"

लग्न झाल्यापासून यूसुफनं बाहेर कधी तिचं नाव घेतलं नव्हतं. ‘घरचे’, ‘आमची मंडळी’, फार तर ‘ऐकलंस का’. आपलं नाव कुणी घेत नाही म्हणून आपण इतके दिवस फुरंगटून बसलो, आणि हिचं नाव आपण एकदा तरी घेतलं का? त्याला मनापासून लाज वाटली.

"जमिला," तो म्हणाला. कुणाला ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा म्हणाला, मोठ्यानं. "घार म्हणजे जमिला. माझी बायको."

पुरुष आपापल्या चपलांकडे बघू लागले. पलीकडे कुणाच्या तरी हातातली थाळी खणकन पडली. हॅरिसन टाळ्या वाजवू लागला, मग अशरफ, मग सगळेच.

"मी घर बरोबर काढलं होतं," हमीद शेजाऱ्याला सांगत होता. "माणूस तेवढा बाजूचा निघाला. तपासात इतकं चालतं."

घरी आल्यावर जमिला पाठ करून उभी राहिली. "चारचौघांत नाव घेतलंत माझं! आता मी दुकानात कुठल्या तोंडानं जाऊ?"

"मग आता तू माझं लिही. फिटंफाट."

"तोबा! मास्तर ते आईंच्या पुढ्यात वाचतात. सासूच्या कानांवर मी तुमचं नाव घालू?" ती वळली तेव्हा हसत होती. "झेल मात्र झक्कास घेतलात. लिहिणार आहे मी."

बोट सुटायच्या दिवशी यूसुफनं धक्क्यावर इसाकच्या हातात नवा अंक दिला. इसाकनं तिथंच उभ्यानं तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"अरे, ह्यात पण तुझं नाव नाय! आईला काय सांगू?"

"सांग, हे तुझ्या सुनेनं लिहिलंय."

"आन् तिनं विचारलं, यूसुफ कुठाय ह्यात, तर?"

"नाही विचारणार," यूसुफ म्हणाला. "माझ्या बापाचं नाव मला शाळेत घालताना मास्तरांना सांगावं लागलं, तेव्हा तिनं ते सांगायला शेजारणीला बोलावून आणलं होतं."