जावई घिरट्यांवर

विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्यातून बाबा निवृत्त झाले. मनोरा मात्र त्यांच्यामागोमाग घरी आला. बैठकीच्या खिडकीशी त्यांनी खुर्ची मांडली, गळ्यात दुर्बीण अडकवली आणि घरातल्या प्रत्येक हालचालीला परवानगी सक्तीची केली. न्हाणीघर ही धावपट्टी. आत एक असला की बाकीच्यांनी 'होल्डिंग'मध्ये राहायचं. होल्डिंग म्हणजे उतरायला जागा मिळेपर्यंत घिरट्या. त्या आम्ही टॉवेल खांद्यावर टाकून जेवणाच्या टेबलाभोवती घालायचो.

आई बाजाराला निघाली की बाबा विचारत, "ईटीए?" म्हणजे पोहोचण्याची अंदाजे वेळ.

"ते भाजीवाल्याला विचारा," आई म्हणे.

अशात ताईचं जमलं. मुलगा दंतवैद्य, उंच, लाजरा. रविवारी संध्याकाळी तो भेटायला येणार होता.

"बाबा, त्याला फक्त 'या, बसा' म्हणा. एवढंच मागते."

"रॉजर," बाबा म्हणाले.

रविवारी फुलांचा गुच्छ घेऊन तो थोडा आधीच फाटकाशी आला. आईने नुकतीच फरशी पुसली होती. ताई तोंडाला लेप लावून घिरट्या घालत होती, कारण धावपट्टीवर आजोबा होते.

बाबा खिडकीतून ओरडले, "पृष्ठभाग ओला! होल्डिंग! इमारतीला डावीकडून!"

होणाऱ्या सासऱ्याचा पहिलाच शब्द, मोडायचा कसा? दंतवैद्य फिरू लागला.

फरशी वाळली. तो पायरीपर्यंत पोहोचला, तोच मांजर येऊन पायरीवर पसरलं.

"गो-अराउंड!" बाबा गरजले. म्हणजे टेकता टेकता पुन्हा वर उडणं. गुच्छ सावरत तो पुन्हा निघाला.

आई पोळपाट पुसत गुणगुणली :

"दारी आला पाहुणा, दार काही उघडेना,
आभाळातल्या साहेबाला भुई काही सापडेना."

"कुणीतरी दार उघडा रे! दमला तो!" लेपाआडून ताई कळवळली.

"इंधन कमी?" बाबा तत्परतेने म्हणाले. "मग डायव्हर्जन!" म्हणजे ठरल्या जागी जमत नसेल तर जवळच्या दुसऱ्या जागी उतरवणं. "शेजारच्या काकूंकडे वळवा!"

काकूंनी दार उघडलं आणि त्या म्हणाल्या, "या, बसा."

त्यांच्या मुलीची अक्कलदाढ दुखत होती.

काकूंकडून त्या दोघांच्या लग्नाचं बोलावणं आलं तेव्हा बाबांनी चौकशी समिती नेमली. अध्यक्ष तेच, सदस्यही तेच. निष्कर्ष : सर्व नियम पाळले गेले. प्रवासी सुखरूप उतरला.

"पण बाबा, मी सांगितलं होतं ना तुम्हाला!" ताई म्हणाली.

"आणि मी रॉजर म्हणालो होतो. रॉजर म्हणजे ऐकलं. करीन, असा त्याचा अर्थ कधीच नव्हता, बाळ."

आम्हाला बाबांचा फार राग आला. मग ताईने एकेकाकडे पाहिलं, आणि आम्हाला आठवलं. तिने दार उघडायला सांगितलं तेव्हा आम्ही सगळे तिथेच होतो. आम्हीही ऐकलं होतं.

तुम्ही असतात तर उघडलं असतं, म्हणता?

रॉजर.