मामांच्या मानाची उंच गाडी

एका जंगलात, बाळांनो, अस्वलांचा गाड्यांचा कारखाना होता. नीट मांडी घालून बसा. या गोष्टीत पडापडी पुष्कळ आहे.

कारखाना काढला अस्वलआजोबांनी. त्यांनी केलेली पहिली गाडी बुटकी आणि रुंद होती. चाकं एकमेकांपासून लांब आणि पोट जमिनीजवळ. दिसायची अगदी बसलेल्या बेडकासारखी. हत्तीची पोरं तिच्यातून आरडाओरडा करत घाट उतरायची, पण ती काही केल्या उलटायची नाही.

सगळं छान होतं. पण त्या जंगलाची एक रीत होती. ज्याचा मान मोठा, त्याने उंचावर बसायचं. सरपंच बसत दगडावर आणि सरपंचांचे सासरे त्याहून मोठ्या दगडावर. आता या बुटक्या गाडीत बसलं की बाहेर काय दिसायचं? रस्त्याने चालणाऱ्या भेकराचे गुडघे!

"गाडी आमची, आणि मान वर करून बघायचं भेकराकडे?" लांडगा फणफणला.

मग अस्वलआजोबांच्या मुलाने दुसऱ्या पिढीची गाडी काढली. चाकं मोठी केली आणि बैठक चांगली वर नेली. वळणावर ती जराशी कलायची.

"हे काय हो?" गिऱ्हाईक विचारायचं.

"गाडी नम्र आहे," अस्वल सांगायचं. "वळणाला नमस्कार करते."

काय खूश झाले सगळे! वळण आलं की आतली मंडळीसुद्धा हात जोडायला लागली. गाडी चालवणाराही जोडायचा. ते मात्र जरा जास्तच होतं.

तिसरी पिढी काढली नातवाने. त्याचं नाव अवधूत. पोरगं हुशार होतं. सागाच्या दाट झाडीतून जावी म्हणून त्याने गाडी अरुंद केली. लांबून दिसावी म्हणून आणखी उंच केली. आणि टपावर गादी-लोड टाकून मानाची जागा करून दिली. नाव ठेवलं 'गगनराज'. चाकं जवळजवळ, वजन सगळं वर. काठीवर भोपळा ठेवून अंगणात पळून बघा, म्हणजे गगनराज कळेल. आधी आईला विचारा.

नथुजी सशाने गगनराज घेतली, कारण त्यांच्या शेवंताचं लग्न घाटापलीकडे ठरलं होतं. नवरीला बोहल्यावर मामाने न्यायचं असतं. शेवंताचे मामा होते गंपूराव रानडुक्कर. सशाचा मेव्हणा रानडुक्कर कसा, ते मला विचारू नका. मलाही ते नीट कळलेलं नाही. पण मामा ते मामाच. त्यांना टपावर चढवलं आणि वऱ्हाड निघायला तयार झालं.

शेवंता खिडकीशी बसली होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, मामांना आत बसवा ना. ते वर बसले की गाडी डुलते."

"अगं, हळू! ऐकतील ना ते," नथुजी कुजबुजले. "मामांना आत बसवलं तर व्याही काय म्हणतील?"

"दाजी, निघायचं का मुहूर्त टळल्यावर?" वरून मामा गरजले.

निघाले. मोठ्या ऐनाच्या झाडापाशी घाटाचं वळण होतं, त्या ऐनाच्या वळणावर समोरून सांबर आलं. नथुजींनी गाडी झटकन वळवली. गाडीने नमस्कार केला. या वेळी साष्टांग घातला.

मामा उडाले ते थेट डबक्यात. चिखल बघून त्यांना बरंच वाटलं. पण शेवंताचा पाय दाराखाली सापडला आणि मोडला.

"बाबा, पाय," एवढंच ती म्हणाली.

नथुजी रस्त्यातच बसून ढसाढसा रडले. बाळांनो, इथे मलाही हसू येत नाही. एवढीशी पोर, अंगाला हळद लागलेली.

सिंहमहाराजांनी चौकशी बसवली. चौकशीत दोषी ठरलं वळण. वळणाला कडक समज देऊन सोडण्यात आलं.

अवधूतला मात्र जेवण गोड लागेना. तो शेवंताकडे गेला आणि म्हणाला, "चूक माझी आहे, ताई. आता मी तुला नीट पोचवीन." त्याने चौथ्या पिढीची गाडी बांधली. पुन्हा रुंद, पुन्हा बुटकी, सगळं जड सामान तळाला. स्वतः बसून तिला ऐनाच्या वळणावरून भरधाव नेली. गाडी ढिम्म हलली नाही.

शेवंताचा पाय थोडा बरा झाला, नवा मुहूर्त निघाला. नथुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. "आता हीच गाडी. पोरीपुढे मानाचं काय घेऊन बसलात?"

शेवंता पोटभर हसली. मामांना आत बसवलं आणि वऱ्हाड पुन्हा निघालं.

थोडं पुढे गेले तोच शेजारून एक गगनराज आली. तिच्या टपावर माकडं.

"नथुजी, खड्ड्यात पडलात की काय?" माकडं ओरडली. "हात देऊ का?"

मामा लालबुंद झाले. "दाजी, थांबवा गाडी. माझं नाक भेकराच्या गुडघ्याला लागतंय. मी काही येत नाही लग्नाला!"

झालं! मामा रुसले. मामींनी डोळ्यांना पदर लावला. कुणी मामांना लाडू दिला, कुणी वारा घातला. मामांनी लाडू खाल्ला आणि पुन्हा रुसले.

नथुजींनी एकदा पोरीकडे बघितलं, एकदा मामांकडे. मग ते बांबू तोडायला गेले.

बघता बघता बुटक्या गाडीवर मचाण उभं राहिलं. मचाणावर पाट, पाटावर गादी, गादीवर मामा. आता गाडी गगनराजपेक्षाही उंच झाली! वऱ्हाडाने टाळ्या पिटल्या, माकडांनी शिट्ट्या मारल्या.

"बाबा, तुम्ही शपथ घेतली होती," शेवंता म्हणाली.

"मग? गाडी तीच आहे ना बेटा?" नथुजी म्हणाले. "खालून बुटकीच आहे."

ऐनाचं वळण दिसायला लागलं.

"थांबवा," शेवंता म्हणाली. "मी उतरते."

ती उतरली आणि काठी टेकत एकटी चालायला लागली. पाय दुखत होता. वळण ओलांडून ती पलीकडे पोचली, तेव्हा मागे मोठा धडाका झाला. मागून मामांचा आवाज आला, "दाजीऽऽऽ!" शेवंताला रडू फुटलं. वऱ्हाड कण्हत-कुथत उठताना दिसलं, तेव्हा तिने डोळे पुसले आणि मांडवाची वाट धरली.

मामा बऱ्याच वेळाने आले. चिखलाने माखलेले आणि चौघांच्या खांद्यावर. म्हणजे उंचावरूनच आले. त्यांनी खांद्यावरूनच भाचीला बोहल्यावर नेलं आणि अक्षता पडल्या.

दुसऱ्या दिवशी कारखान्यासमोर ही रांग! सगळ्यांचं एकच मागणं होतं. मचाण कारखान्यातूनच लावून मिळेल का?

अवधूतने कपाळाला हात लावला. मग त्याच हाताने पाचव्या पिढीची गाडी काढली. रांगेत पहिले उभे होते नथुजी. त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि धाकटीचं लग्न ठरलं होतं.

तात्पर्य: मोडलेला पाय महिना-दोन महिन्यांत जुळतो, रुसलेले मामा जन्मभर जुळत नाहीत. म्हणून बाळांनो, गाडी नेहमी उंचच घ्यावी, आणि वळण आलं की मुलीला उतरून चालायला सांगावं.