दातेरी की सपाट

नुसत्या सभ्यपणापायी एका भल्या माणसाचा चेहरा बदलून गेला, असं मी सांगितलं तर तुम्ही मुळीच विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. माझ्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांचं पुढे फारसं भलं झाल्याचं मी पाहिलेलं नाही. पण ही गोष्ट घडलेली आहे. चष्मेवाल्या काकांच्या बाथरूममध्ये, बेसिनसमोरच्या स्टुलावर आणि तीही भरदिवसा.

काकांनी जन्मभर चष्मे केले. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती तपासणीची जड चौकट चढवायची, तिच्यात एक काच घालायची, ती काढून दुसरी घालायची आणि विचारायचं, "आता बरं, की मघाचं बरं?" हा प्रश्न त्यांच्या जिभेत इतका मुरला होता की झोपेत कूस बदलली तरी ते हेच विचारत, असं काकू सांगत. गिऱ्हाईक उत्तर देई, काका चष्मा देत, संसार चाले. मग दुकान मुलाकडे सोपवून काका घरी बसले आणि त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्याला नुसतं विचारता येतं. उत्तर द्यायची सवयच लागलेली नाही. निळा शर्ट की पांढरा, एवढ्यावर त्यांची सकाळ अडून राही आणि शेवटी काकू येऊन एक शर्ट कपाटात कोंबत.

अशा माणसाने दुसरा रेझर घ्यायचं मनावर घेतलं.

पहिला होता. जुना, पितळी, मुठीवरची नक्षी झिजून गेलेला सेफ्टी रेझर. त्याचा दोष एकच, की तो फार सभ्य होता. केसाला विचारल्याशिवाय कापत नसे आणि केस नको म्हणाला तर त्याला वळसा घालून पुढे जाई. काकांची दाढी झाली तरी ती झाल्यासारखी वाटायची नाही. आणि दाढी म्हणजे तर त्यांचा जीव की प्राण. वाटीत साबण घोळायचा, ब्रशने साईसारखा फेस काढायचा, गालावर सावकाश चढवायचा. दुकान गेल्यापासून दिवसातलं तेवढंच एक काम त्यांचं स्वतःचं उरलं होतं.

काकूंचं म्हणणं सरळ होतं. हनुवटी एक, मग रेझर दोन कशाला? काकांनी आरशात पाहिलं. वयाने त्यांना दुसरी हनुवटीही दिलेली होती, पण हा मुद्दा बायकोपुढे मांडण्यासारखा नव्हता. त्यांनी नुसतं तोंड पाडलं. ते पडलेलं तोंड काकूंना आठवडाभर जेवणाच्या टेबलावर बघावं लागलं, तेव्हा कुठे त्या वितळल्या.

रेझरवाला काकांचं जुनं गिऱ्हाईक. त्याने दोन रेझर वापरून बघायला दिले. एकाला पात्याखाली फणीसारखे दाते, दिसायला असा की एखाद्या प्राण्याने दात विचकावेत. दुसरा सपाट, गोंडस, आरशासारखा चकचकीत. एक ठेवायचा, दुसरा स्वच्छ उकळून संध्याकाळी परत. काकूंनी त्यावर आपली अट घातली. संध्याकाळपर्यंत एकाचं नाव घ्यायचं, आणि का तेही सांगायचं. 'बघू', 'राहू देत दोन्ही', 'तुला कोणता वाटतो' यांपैकी एक शब्द जरी निघाला, तरी दोन्ही परत जातील आणि हा विषय या घरात पुन्हा निघणार नाही.

काकांनी सकाळीच डाव्या गालाला दातेरी लावला, उजव्या गालाला सपाट. दातेरी बरा वाटला. मग शंका आली, की आपण उजव्या कुशीवर झोपतो, म्हणजे उजवा गाल मुळातच दबलेला. तेव्हा बाजू बदलून पाहावं. पण बाजू बदलेपर्यंत कापायला काही उरलंच नव्हतं. दाढी म्हणजे काही गाईचं दूध नाही, सकाळ-संध्याकाळ काढायला. गुळगुळीत गाल चोळत काका हताश उभे होते, तेवढ्यात दारावरची घंटा वाजली आणि रात्रभराचा प्रवास करून व्याही आणि विहीणबाई दारात उभे राहिले.

व्याह्यांना नवा चष्मा करायचा होता, आणि डोळे तपासावेत तर आपल्या व्याह्यांनीच, अशी त्यांची निष्ठा. पण काकांचं लक्ष त्यांच्या डोळ्यांकडे नव्हतं. व्याह्यांच्या गालांवर दोन दिवसांचे खुंट उभे होते. दाट, ताठ, कापणीला आलेले. काकांना भरून आलं.

आता व्याह्यांबद्दल सांगायला हवं. ते शाळा तपासनीस होते. वर्गात आधी त्यांची मिशी शिरायची आणि मागाहून ते. त्या मिशीने मास्तर चळाचळा कापत. पण हा माणूस आपल्या व्याह्यांच्या घरी आला की लोण्याहून मऊ. चहात साखरेऐवजी मीठ पडलं, तरी 'आज काही वेगळाच झालाय' म्हणून आणखी अर्धा कप मागतील असे. आणि काकाही त्यांच्याशी वागताना काही कमी नव्हते. दोघांच्या मुलांचं लग्न झाल्यापासून त्या दोघांत एकदाही मतभेद झाला नव्हता, कारण दोघांपैकी कुणी कधी मतच दिलं नव्हतं.

व्याही म्हणाले, दाढीचं सामान घरीच राहिलं, जरा कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे जाऊन येतो. काकांनी त्यांचा दंडच धरला. या घरात तीन रेझर असताना व्याह्यांनी न्हाव्याकडे जावं, ही शोभा कुणाची? शिवाय एक छोटीशी विनंती होती. व्याह्यांनी काही करायचं नव्हतं. फक्त सांगायचं होतं.

"विनंती कसली," व्याही म्हणाले. "हुकूम करा."

काकांनी त्यांना स्टुलावर बसवलं, चष्मा काढून घेतला आणि गरम पाणी सोडलं. वाफेने काकांचा स्वतःचा चष्मा पांढरा झाला, तेव्हा त्यांनी तोही काढला. दोघांचे चष्मे खिडकीच्या कट्ट्यावर एकमेकांकडे बघत बसले. जन्मभर लोकांना दृष्टी देणाऱ्या माणसाला आता समोर व्याही दिसत होते ते धुक्यातल्या टेकडीसारखे, आणि व्याह्यांना तर आरसाही दिसत नव्हता. पाहुणचारात कसर नको म्हणून काकांनी फेस असा काढला, की गाल, गळा, मिशी सगळं त्याखाली गेलं. वर फक्त नाक राहिलं.

डाव्या गालावर दातेरी. उजव्या गालावर सपाट.

"आता बरं, की मघाचं बरं?"

"दोन्ही छान," व्याही म्हणाले.

असली गिऱ्हाइकं काकांच्या ओळखीची होती. दोन्ही काचा सारख्याच दिसतात म्हणणाऱ्याला घाई करायची नसते, पुन्हा काच घालायची असते. त्यांनी पुन्हा फेस चढवला, बाजू बदलली, उलटा हात मारला. व्याही म्हणाले, याचीही एक वेगळी गंमत आहे. काकांनी गळ्यावर विचारलं, हनुवटीखाली विचारलं, कानाच्या पाळीपाशी विचारलं. व्याह्यांचं मत प्रत्येक वेळी शेवटच्या रेझरकडे नम्रपणे झुकायचं आणि मघाचा दुखावू नये म्हणून लगेच सरळ व्हायचं. एकदा त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. काकांनी ते जिव्हाळ्याचं धरलं.

तुलना करता करता दोन्ही कल्ले वर वर सरकत कानाच्या टोकाशी जाऊन टेकले. गालावर कापायला आता नावालाही केस नव्हता. रेझरची खरी परीक्षा वरच्या ओठावर होते, असं काकांना कुणीतरी सांगितलेलं होतं. तेव्हा मिशीची नुसती कड जरा साफ करावी, म्हणून त्यांनी फेसात अंदाजाने दातेरी टेकवला आणि खाली ओढला.

रेझर नाही अडला, नाही खरखरला. लोण्यात सुरी जावी तसा गेला. आणि काकांच्या हातावर फेसाचा जो गोळा पडला, तो जरा जास्तच जड होता.

   व्याह्यांनी जीभ हळूच बाहेर काढून वरच्या ओठावरून फिरवली. एका बाजूने फिरवली, दुसऱ्या बाजूने फिरवली.

"थोडं हवेशीर वाटतंय," ते म्हणाले.

 काकांनी क्षमा मागावी तर कोणत्या शब्दांत, आणि अर्ध्या मिशीची क्षमा मागतात तरी कशी? ते रेझर धरून थबकलेले बघून, म्हणजे धुक्यात काहीतरी थबकलेलं बघून, व्याहीच कळवळले. आपल्यामुळे यजमान अवघडावा, हे त्यांना कसं खपावं?

"अहो, थांबलात का?" ते म्हणाले. "एकाच बाजूला लावून तुलना कशी व्हायची? दुसरीकडे तो सपाट लावा ना."

आता व्याही स्वतः होऊन म्हणतायत, आणि आपण नाही म्हणायचं? आजवर कधी म्हटलेलं नाही. काकांनी डोळे मिटले, तसं त्याने काही फरक पडणार नव्हता म्हणा, आणि सपाट लावला. तो अडला, घसरला, पुन्हा लावावा लागला, आणि शेवटी मिशीची उरलेली बाजूही बेसिनमध्ये गेली.

"आता बरं, की मघाचं बरं?" सवयीने काकांच्या तोंडून निघून गेलं.

"दोन्ही छान," व्याही म्हणाले.

तोंड धुतलं, तुरटी फिरवली, चष्मे चढवले. व्याह्यांनी आरशातल्या माणसाकडे बराच वेळ पाहिलं. ते आता त्याला नमस्कार करून 'आपण कोण' म्हणून विचारतात की काय, असं काकांना वाटलं. तो माणूस सोललेल्या बटाट्यासारखा होता आणि त्याला पाहून एकही मास्तर कापला नसता.

"छान," व्याही म्हणाले, आणि मग आवाज अगदी खाली आणून, "फक्त हिला काय सांगायचं?"

काकांपुढे मात्र दुसरंच चित्र उभं राहिलं. काकूंना खरं कळलं, तर दोन्ही रेझर संध्याकाळची वाट न बघता परत जातील. पाठोपाठ तो सभ्य म्हातारा पितळीही जाईल, आणि उरलेलं आयुष्य न्हाव्याच्या बाकावर आपला नंबर कधी येतो याची वाट बघण्यात जाईल. त्यांनी व्याह्यांना धीर दिला. तुम्ही काही बोलू नका, फक्त मान हलवा, बाकी माझ्यावर सोपवा.

बाहेर टेबलावर चहा मांडलेला होता. काकूंनी व्याह्यांकडे पाहिलं आणि किटलीतला चहा कपाबाहेर ओतला. विहीणबाईंनी एकदाच वर पाहिलं आणि बिस्किट चहात बुडवलं.

काकांनी गोष्ट सुरू केली. दाढी उत्तम चालली होती, तोच खिडकीतून एक गांधीलमाशी आत आली आणि थेट व्याह्यांच्या मिशीत शिरली. चांगली करंगळीएवढी. व्याह्यांनी मान हलवली. मिशी दाट, माशीला बाहेर पडायची वाट सापडेना. ती चिडली, आत घुमायला लागली, मिशी पंख्यासारखी हलायला लागली. आणखी एक क्षण गेला असता, तर ती नाकात गेली असती आणि तिथून डोक्यात. बोलता बोलता माशी अंगठ्याएवढी झाली आणि थोड्या वेळाने चिमणीएवढी.

काकूंनी विचारलं, की बाथरूमच्या खिडकीला जाळी आहे, तिच्यातून चिमणीएवढी माशी आत कशी आली?

"बारीक होऊन आली," काका म्हणाले. "आत आल्यावर फुगली."

व्याह्यांनी मान हलवली, पण जरा जपून.

काका आता रंगात आले होते. अशा वेळी तो जुना पितळी काय कामाचा? तो आधी माशीची परवानगी मागत बसला असता. नवा रेझर हाताशी होता म्हणून व्याही आज चहा पितायत, नाहीतर आपण सगळे आज दवाखान्यात असतो. तेव्हा या घरात दुसरा रेझर हवा की नको, ते काकूंनीच सांगावं.

काकूंनी सांडलेला चहा पुसला आणि विचारलं, "दोघांपैकी कोणत्या रेझरने वाचवलं?"

काकांनी तोंड उघडलं. दातेरी म्हणावं, की सपाट? सबंध सकाळ गेली, दोन गाल गेले, एक मिशी गेली, आणि उत्तर अजून त्यांच्याकडे नव्हतंच.

"दोघांनी मिळून," ते म्हणाले.

काकू उठल्या. दोन्ही रेझर पुसून डब्यात घालायला त्या बाथरूमकडे निघाल्या, तेव्हा विहीणबाईंनी कप बशीत ठेवला.

"बसा हो विहीणबाई," त्या म्हणाल्या. "माशी-बिशी काही नव्हतं. मी टॉवेल द्यायला गेले होते, तेव्हापासून दारातच उभी होते. पहिली अर्धी गेली तेव्हाही."

व्याह्यांची मान हलायची थांबली.  मग थांबवलं का नाही, असं काकूंनी विचारलं.

"लग्न झाल्या दिवसापासून मी त्या मिशीला म्हणत होते, जा एकदाची. ती जात असताना मी अडवू?" विहीणबाईंनी दुसरं बिस्किट उचललं आणि त्या काकांकडे वळल्या. "आणि व्याही, यांना कशाला विचारत बसलात? हे तोंडाने कधी खरं सांगायचे नाहीत. मला विचारायचं होतं, मी यांच्या पायांकडे बघत होते. दातेरी लावला की पाय स्वस्थ. सपाट लावला की उजव्या पायाचा अंगठा असा उभा राहायचा. दातेरी ठेवा, आणि तो चकचकीत आत्ताच्या आत्ता परत पाठवा."