कानापासून कानापर्यंत

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता रेडिओभाऊंनी बँकेच्या मॅनेजरसाहेबांची अर्धी मिशी साफ उडवली.

खरं तर नुसती कोरायची होती. पण भाऊ त्याच वेळी आपला मावसभाऊ पाण्याच्या टाकीवर कसा अडकला होता ते सांगत होते, आणि त्याचा पाय नेमका कसा घसरला हे दाखवायला हातात वस्तऱ्याशिवाय दुसरं काही नव्हतं. साहेब तोंडावर रुमाल धरून गेले ते गेलेच. त्यांच्यामागोमाग बँकेतली पाच नेहमीची डोकीही गेली. सलूनमधल्या दोन खुर्च्यांपैकी एक तर दिवसभर रिकामीच राहू लागली.

भाऊंची बायको पहिलीच्या वर्गाला शिकवायची. त्यामुळे नवऱ्याशी कसं बोलायचं याचा तिला चांगला सराव होता.

"हात चालू असताना तोंड बंद ठेवायचं. जमेल?"

"उद्यापासून एक शब्द बोलणार नाही!" भाऊंनी छाती पुढे काढली.

"आणि परवापासून दुप्पट बोलाल. मागच्या वेळी तेच झालं. अहो, मी मुलांना पहिल्या दिवशी अख्खं पुस्तक देत नाही. 'अ' देते."

तिने पाटीवर एक गोल डोकं काढलं आणि उजव्या कल्ल्यापासून उजव्या कानापर्यंत रेघ ओढली. "हा पहिला आठवडा. एवढं होईतो गप्प. पुढे वाट्टेल ते बोला. दुसऱ्या आठवड्यात मानेपर्यंत. तिसऱ्यात डावा कान."

रेघ टीचभर होती, पण पहिल्या दिवशी भाऊंना कपाळावर घाम फुटला. औषधाच्या दुकानाचे मालक खुर्चीत बसले होते. गेली बारा वर्षं खुर्चीत बसल्याबरोबर भाऊंचा आवाज सुरू व्हायचा. आज नुसतीच कात्री वाजत होती. मालकांनी आरशात पाहिलं. भाऊ ओठ घट्ट मिटून त्यांच्या टाळूकडे बघत होते.

"काय झालं? डोक्यात काही दिसलं का?"

भाऊंनी नकारार्थी मान हलवली.

"म्हणजे दिसलंय! किती मोठं आहे?"

कान येईपर्यंत उत्तर देता येईना. आणि कान यायच्या आतच मालक अर्ध्या डोक्यानिशी रस्त्यावर होते, डॉक्टरांच्या दिशेने.

आठवड्याभरात तीन जण डॉक्टरांकडे डोकं दाखवून आले. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टर स्वतःच सलूनमध्ये येऊन खुर्चीत बसले. "भाऊ, लोकांच्या डोक्यात तुम्हाला दिसतंय तरी काय?"

कात्री अजून कानाजवळच होती आणि या आठवड्याची हद्द होती मान. भाऊंनी हाताने 'थांबा' अशी खूण केली.

"बोलवत नाही? आ करा बघू." डॉक्टर कापडासकट उठले, भाऊंच्या घशात टॉर्च मारला आणि बाकावरच्या लोकांकडे वळून म्हणाले, "आवाज बसलाय. इतकी वर्षं बोलल्यावर दुसरं काय होणार? पंधरा दिवस एक शब्दसुद्धा बोलायचा नाही."

आपला घसा ठणठणीत आहे, हे भाऊ सांगू शकले असते. पण मग बायकोने पाटीवर रेघ मारून दिलीय, हेही सांगावं लागलं असतं. भाऊंनी बिचाऱ्यासारखा चेहरा केला.

संध्याकाळी घरी आले ते डोक्याला हात लावूनच. "पंधरा दिवस! मी मरेन गं!"

"पंधरा दिवस मोजायचेच कशाला?" बायको शांतपणे म्हणाली. "एक डोकं मोजायचं. ते झालं की पुढचं."

त्यानंतर जे झालं ते कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. मध आणि मफलर घेऊन लोक भेटायला आले. भाऊ बोलत नाहीत म्हटल्यावर शांतता खायला उठली, म्हणून तेच बोलू लागले. आणि आपण काहीही सांगितलं तरी ते या माणसाकडून बाहेर जायचं नाही, हे एकदा लक्षात आल्यावर तर मनं मोकळी व्हायला लागली. पोस्टमन विग वापरत होता. शिवणक्लासवाल्या काकांना शिवणाची मनापासून चीड होती. औषधवाले मालक स्वतः गोळी गिळायला घाबरायचे. दोन्ही खुर्च्या भरल्या, बाकावर जागा पुरेना.

त्यातच हार्डवेअरच्या दुकानातला थोरला भाऊ येऊन बसला. दुकानाची पाटी निळी हवी की पिवळी, यावरून तीन वर्षांपूर्वी दोघा भावांचं बिनसलं होतं आणि दुकानाच्या मधोमध प्लायवूड उभं राहिलं होतं. "बोलावंसं वाटतं हो," तो म्हणाला, "पण आधी त्याने बोलावं." दुसऱ्या दिवशी धाकटा आला. "दादाने नुसतं 'काय रे' म्हटलं तरी मला पुरे."

रेडिओभाऊंना हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. रात्री जेवताना बायकोला सांगायला त्यांनी तोंड उघडलं. आणि मग कुणी रेघ मारलेली नसताना, स्वतःहून मिटलं. बायकोने पाहिलं आणि गुपचूप आणखी एक पोळी वाढली.

सकाळी त्यांनी दोन चिठ्ठ्या पाठवल्या. 'शनिवारी चार वाजता तुमच्यासाठी खुर्ची राखून ठेवली आहे.'

थोरला दहा मिनिटं आधीच आला. भाऊंनी त्याच्या चेहऱ्यावर गरम टॉवेल टाकला. धाकटा आला, त्याच्याही चेहऱ्यावर टाकला. मग दोन खुर्च्यांच्या मध्ये उभं राहून ते नुसतीच कात्री वाजवू लागले.

"काल मी त्या प्लायवूडला कान लावला," थोरला टॉवेलखालून म्हणाला. "सारखा खोकत होता हो. औषध घेतलं की नाही, कोण जाणे."

कात्री थांबली.

"घेतलं," दुसरा टॉवेल म्हणाला.

मग थोरल्याने टॉवेल न काढताच घसा खाकरला. "काय रे, कधीपासून खोकतोयस?"

"सोमवारपासून, दादा." टॉवेल गदागदा हलत होता.

भाऊंच्या जिभेवर निदान चाळीस वाक्यं येऊन उभी होती. त्यांनी ती गिळली, कंगवा उचलला आणि दोन्ही डोकी या कानापासून त्या कानापर्यंत, एक अक्षर न बोलता, झकास कापली. दोघे भाऊ बरोबर बाहेर पडले आणि निळ्या-पिवळ्याबद्दल भांडतच दुकानाकडे गेले. प्लायवूड त्याच दिवशी निघालं.

पंधरा दिवस संपले तेव्हा डॉक्टर सलूनमध्ये आले. बाक खच्चून भरला होता. त्यांनी पुन्हा टॉर्च मारला. "उत्तम! घसा एकदम साफ. भाऊ, आता बोला बघू. मनात साचलेलं सगळं बोलून टाका!"

पोस्टमनचा हात डोक्यावर गेला. शिवणक्लासवाले काका खिडकीबाहेर बघू लागले. औषधवाले मालक उठून दाराशी जाऊन उभे राहिले.

रेडिओभाऊंनी एकेकाकडे सावकाश पाहिलं. कात्री पुसली. कापड झटकलं. तोंड उघडलं.

"पुढचा नंबर कुणाचा?"