बशीतला पहिला घोट

तात्या सुनेचा चहा आधी स्वतः पितात. कपातला थोडा बशीत ओततात, फुर्रकन ओढतात आणि डोळे मिटून थांबतात. आपण मेलो नाही अशी खात्री पटली की कप माझ्या हातात देतात. "सरपंचाला द्या."

सरपंच म्हणजे त्यांची सून सुनीता. ती समोरच बसलेली असते. पण सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नाही, ही रीत तात्या अजून पाळतात. मधला निरोप्या मी, ग्रामपंचायत सदस्य आणि आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. पदवीचा हा उपयोग कॉलेजात कुणी सांगितला नव्हता.

सुनीतानं नदीतली वाळू नेणारे हायवा ट्रक अडवले, तेव्हापासून हे सुरू झालं. "गप घरी बस, न्हाई तर बघून घेऊ," असा फोन आला. तेव्हापासून तात्या तिच्या सत्काराचे हार दाबून बघतात, नारळ कानाशी हलवतात. पाटोद्याला तर एकाचा पुष्पगुच्छ त्यांनी असा तपासला, की देणाऱ्याच्या हाती नुसत्या काड्या उरल्या. माझ्यामागं रोज एकच धोशा: "सरपंचाला सांगा, राजीनामा द्या म्हणावं. लई झालं."

पंचायतीचा अभ्यास दौरा निघाला, तर बोलावणं नसताना तात्या गाडीत जाऊन बसले. परतीच्या वाटेवर एका जुन्या पुढाऱ्याचं संग्रहालय लागलं. भरसभेत त्याला गोळ्या घातलेल्या. काचेआड त्याचा चष्मा, डाग पडलेला सदरा, एकच चप्पल. मी पाट्या मोठ्यानं वाचत होतो. तात्या भिंतीला पाठ लावून सुनीतामागं सरकत होते.

"गोळी घातली तवा ह्याचा बाप कुठं होता?" त्यांनी तिथल्या माहिती सांगणाऱ्या मुलीला विचारलं.

"त्याची माहिती नाही, काका."

"कावून न्हाई? चप्पल तर जपून ठेवली की!"

शेवटच्या दालनात स्टेज, माईक आणि पुढाऱ्याचा पुतळा. "आता त्या संध्याकाळचे आवाज ऐका," म्हणत त्या मुलीनं दिवे घालवले. घोषणा झाल्या. भाषण सुरू झालं. आणि एकदम गोळ्या कडाडल्या.

अंधारात कुणीतरी ओरडलं, "पोरी, खाली बस!"

दिवे लागले. सुनीता खाली बसलेली. तिच्यापुढं तात्या दोन्ही हात पसरून, पुतळ्याकडं छाती करून उभे. टोपी दूर पडलेली. एक सदस्य फिसकन हसला, पण सुनीताकडं बघून गप झाला. तात्यांचे हात खाली येईनात. सुनीतानं उठून टोपी उचलली, झटकली आणि त्यांच्यापुढं धरली.

बाहेर टपरीवर चहा सांगितला. मग सुनीता मला म्हणाली, "भाऊ, तात्यांना सांगा, मी राजीनामा देणार न्हाई."

मी वळलो. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी तिचा कप घेतला, थोडा बशीत ओतला, प्याले, डोळे मिटले. मी सवयीनं हात पुढं केला.

कप माझ्या हाताला वळसा घालून गेला.

"साखर कमी हाय, पोरी," तात्या म्हणाले. "पण पी."